लेथचा पाट

शेंदूर आणि तेल फासलेल्या सपाट लोखंडी फरशीवर फकीर मोहम्मदनं लेथचा पाट उपडा घातला, जपून दोनदा सरकवला आणि उचलून बायकोपुढं धरला.

“कुठं कुठं लागलं?”

“डाव्या काठाले तीन ठिपके. मधात काहीच नाही,” अख्तरी म्हणाली, आणि त्याचं बोट धरून तिनं पहिल्या ठिपक्यावर टेकवलं.

लाल लागलं तिथं उंचवटा. जुन्या कानशीला धार लावून केलेल्या हत्यारानं तो तेवढाच खरवडायचा, पुसायचा आणि पाट पुन्हा फरशीवर घालायचा. अंगभर सारखे ठिपके उठेपर्यंत. खामगावच्या जिनिंग कारखान्यात मिस्त्री असलेल्या फकीर मोहम्मदनं हे काम तीस वर्षं एकट्यानं केलं होतं. पण होळीपासून त्याला ठिपके दिसेनासे झाले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कारखान्यात त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांचे दांडे याच लेथवर कातले जात. हत्यार धरून मागंपुढं सरकणारा हा पाट झिजला, हत्यार थरथरू लागलं आणि दांड्यांवर लहरी उठू लागल्या. लढाईमुळं विलायतेहून नवा भाग येण्याची आशा नव्हती, आणि दसऱ्याला कापूस येऊन पडणार होता. वर्कशॉपचे साहेब अर्जुनराव म्हणाले होते, “इथं रंगरंगोटी चालू हाये, मिस्त्री. चुना उडते. घरीच करा.” पाट बैलगाडीनं घरी आला, तेव्हा फकीर मोहम्मदनं मनोमन अल्लाचे आभार मानले.

पहिल्या दिवशी अख्तरीला शेंदूर कुठला आणि गंज कुठला, हेच उमजेना. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “हा फिका हाये, याले हात नका लावू.” चूल थंड पडे, भात गिचका होई, ती अंगणातल्या उन्हात पाटावर वाकून बसलेली असे. अकराव्या दिवशी ती काहीच बोलेना.

“काय झालं?”

“सगळीकडंच हायेत. कोनता सांगू?”

त्यानं हत्यार खाली ठेवलं.

कारखान्यात पाट बसला, लेथ फिरू लागला. मिस्त्रीनं त्यावर तळवा टेकवला, थरथर नव्हती. अर्जुनरावांनी ताजा कातलेला दांडा उजेडात फिरवून पाहिला.

“आरसा झाला, मिस्त्री.”

फकीर मोहम्मदनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“साहेब, हात माहे, पन डोळे घरवालीचे. मले ठिपके दिसत नाहीत. होळीपासून.”

अर्जुनराव दांडा पुसत राहिले.

“मले आषाढातच समजलं. तुम्ही पट्टीवरच्या रेघा नखानं वाचून राह्यले होते.”

“मंग पाट घरी काऊन धाडला?”

“इथं तुम्ही कोनाले इचारलं असतं?”

मिस्त्रीनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. अर्जुनराव म्हणाले, “येत्या बुधवारी बुलढाण्याच्या दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं.”

संध्याकाळी अख्तरी दारातच भेटली. हात भाकरीच्या पिठानं माखलेले.

“काय म्हनले साहेब?”

त्यानं तिचा हात तसाच आपल्या दोन्ही हातांत धरला. उघड्या दारात, रस्त्यासमोर, त्यानं असं कधी केलं नव्हतं.

“सोडा जी, लोकं पाहतीन.”

“पाहू दे,” तो म्हणाला. “मले तं कोनी दिसत नाही.”