पाण्याचा अंपायर

मढच्या वाळूवर क्रिकेट खेळायचं तर दोन अंपायर लागतात. एक आउट द्यायला आणि दुसरा पाण्याचा. ओहोटीला पिच उघडी पडते, भरती आली की समुद्र गिळतो. स्टंपला पाणी लागलं की मॅच खलास, तेव्हा ज्याचे रन जास्त तो जिंकला. म्हणून पाणी कधी लागणार ते बोट चालवणाऱ्या तांडेल भाऊंनी तिथीवरून आधीच सांगायचं, मग ओव्हर ठरायच्या. मोबाइलमध्ये सगळं दिसतं हो, पण भाऊंसमोर मोबाइल काढायची टाप कुणाची?

या रविवारी फायनलला भाऊ म्हणाले, "तीनपर्यंत काय टेन्शन नाय." आणि दीडलाच पाणी स्टंपला! नंदूच्या टीमला चार ओव्हरमध्ये अकरा हवे होते. हातातली मॅच गेली. कप उचलला समोरच्या टीमच्या देवेशने. आता देवेश कोण? तर भाऊंचा सख्खा भाचा.

नंदूचं डोकं सटकलं. कप गेला तर गेला, पण तो भाऊंच्याच बोटीवर खलाशी होता. उद्या पहाटे यांच्याच शब्दावर सहा माणसं समुद्रात जाणार. भाच्यासाठी पाणी खोटं सांगणाऱ्याच्या भरवशावर जायचं?

तसाच ओल्या पँटीने तो भाऊंच्या ओट्यावर पोचला. भाऊंशेजारी त्यांची बायको विमलाकाकी बोंबील साफ करत बसल्या होत्या.

"भाऊ, खरं सांगा. देवेशसाठी केलंत ना?"

"हो, केलं. भाचा आहे माझा. जा, सांग गावाला."

नंदू चाट पडला. पत्त्यात चोरी पकडली तर मेलेल्या आईची शपथ घेणारा हा माणूस, आणि आज एका फटक्यात कबूल? कायतरी गडबड होती.

"बरं," तो हळूच म्हणाला, "उद्या बोट कधी सोडायची?"

"भरतीला. साडेचारला."

"तीनला," काकी मान वर न करता बोलल्या.

"साडेचार गं! आज पंचमी ना?"

"तीज आहे."

भाऊ बोटांवर तिथी मोजू लागले, परत पहिल्यापासून. काकींची सुरी थांबली.

नंदूने हिशोब लावला: दोन तिथी चुकल्या, म्हणून मॅचचं पाणीही चुकलं. साडेचारला निघाले असते तर उतरत्या पाण्यात बोट सरळ खडकावर. आणि म्हाताऱ्याने चोरी का कबूल केली तेही त्याला कळलं. चीटर म्हणून गाव चार दिवस हसेल. पण तिथी चुकणाऱ्या तांडेलाच्या बोटीवर पुन्हा कोण पाय ठेवेल?

"भाऊ, गावाला मी सांगतो, तुम्ही चीटिंगच केलीत. पण उद्यापासून वेळ मी सांगणार, सुकाणू मी धरणार."

भाऊंनी डोळे बारीक केले. नंदूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बोट हवी काय रे तुला माझी?"

"काय बोलताय भाऊ!" नंदू बोलला खरा, पण काकींकडे बघून. कारण सुकाणू म्हणताना तो विचार एकदा मनाला चाटून गेलाच होता.

"पावणेतीनला ये," भाऊ म्हणाले. "धर सुकाणू. मी बाजूलाच बसतो. तुझ्यावर नजर ठेवून."