समुद्राच्या बाजूची खोली

लाल मग... फोटोच्या कोपऱ्यात अर्धाच आलेला, कानाला तडा गेलेला, बादलीच्या काठावर अडकवलेला — चैतालीने दोन बोटांनी फोटो ताणला तसा तो तडाही ताणला गेला. खोलीचे फोटो बघताना माणसं पलंग बघतात, पडदे बघतात, खिडकीतून निळं काही दिसतंय का ते बघतात. ती कोपरे बघायची. तिचा धंदाच तो. लोणावळ्यातले सुट्टीचे बंगले भाड्याने देणाऱ्या एका ऑफिसात ती बुकिंग घ्यायची आणि त्या बंगल्यांचे फोटोही तीच काढायची. भिंतीला पाठ टेकवून, मोबाइल छातीशी धरून, हॉल आहे त्याच्या दुप्पट दिसेल असा. ओल आलेल्या भिंतीपुढे कुंडी कशी सरकवायची, पोहण्याच्या टाकीतलं पाणी कुठल्या उन्हात निळं दिसतं, सगळं तिला पाठ. त्यामुळे स्वतःला कुठे जायचं म्हटलं की झालीच पंचाईत. दिवेआगर, नागाव, काशीद, श्रीवर्धन... थर्टी फर्स्टची गर्दी ओसरल्यापासून ती समुद्राकाठच्या खोल्या उघडत होती आणि मिटत होती, आणि प्रत्येक फोटोत तिला खोलीच्या आधी फोटो काढणारा दिसत होता.

हा मग मात्र कुणी लपवला नव्हता. म्हणजे माणसं सरळ असावीत... का नुसतीच आळशी?

समुद्र आबांनी मागितला होता. आबा म्हणजे तिचे सासरे, हनुमंत ओव्हाळ. रेल्वेत पॉइंट्समन होते, उभं आयुष्य लोणावळ्याच्या यार्डात गेलं, गाड्या घाटाखाली सोडायच्या आणि आपण वरच राहायचं. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता असं नाही. दर सहा डिसेंबरला ते दादरला जायचे, लग्नानंतर तिलाही नेऊ लागले. पण चैत्यभूमीच्या रांगेत माणूस समुद्र बघायला उभा राहत नाही. रांग पुढे सरकायची, समुद्र एका अंगाला माणसांच्या डोक्यांपलीकडे राहायचा, त्याचा वास तेवढा यायचा. या खेपेला परतताना, सगळे पेंगुळलेले असताना, आबा एकदम म्हणाले, "चैताली, एकदा समुद्रापाशी झोपायचंय मला. गर्दी नसंल तवा. रातीला कसा वाजतो ते ऐकायचंय." आणि मग आपणच काहीतरी भलतं बोलून गेल्यासारखे खिडकीबाहेर बघत बसले. तिला तेव्हाच भरून आलं होतं. आबांना समुद्रापाशी झोपवायचं, नीट, मानाने, एवढं एकच काम होतं. आणि तेच होत नव्हतं.

"हॉटेल घे ना," सकाळी डबा भरताना धम्मदीप म्हणाला होता. धम्मदीप तिचा नवरा, तळेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. फारसा विचार न करणारा माणूस अशी त्याची ख्याती, आणि ती त्याने मेहनतीने कमावलेली. "आधारची झेरॉक्स टाकली की काम झालं. तिथं कोण कुठला, कुणी विचारत नाही."

कुणी विचारत नाही... म्हणजे त्याच्याही मनात तेच होतं. हॉटेलाचे फायदे सांगताना माणूस एसी सांगतो, टीव्ही सांगतो. याने हे सांगितलं. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि त्याने डब्याचं झाकण गच्च लावलं, आणि विषय दोघांनीही तिथेच ठेवला.

हॉटेलं तिने पाहिली नव्हती का? खाली गाड्या लावायला जागा, खोल्या वर, आबांचे गुडघे जिन्याचं नाव काढलं की कुरकुरणारे. खिडकीतून रस्ता, रस्त्यापलीकडे सुरूची झाडं, त्यांच्यापलीकडे कुठेतरी समुद्र असल्याची बातमी. आणि जेवण तेलकट, आबांची शुगर आधीच वर. पाहिजे होतं ते एकाच ठिकाणी सापडलं होतं — नारळाच्या वाडीतलं कौलारू घर, तळमजल्याची खोली, पुढे ओटी, घरगुती जेवण, मागच्या दाराने थेट वाळू. तडा गेलेला लाल मग.

पण घर म्हटलं की घरची माणसं आली. ती ओटीवर येऊन बसणार, पानात वाढणार, गप्पा मारणार. आणि आबांचं कुठेही गेले तरी पहिलं वाक्य ठरलेलं: हनुमंत भिकाजी ओव्हाळ, वडगाव मावळ, जय भीम. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरला हे सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं. सांगताना छाती पुढे येते त्यांची, आणि समोरच्याने आपलंही नाव असंच अख्खं सांगावं अशी अपेक्षा असते. त्या ओटीवर त्यांनी ते सांगितलं, आणि समोर नुसताच एखादा 'हं' आला, तर... किंवा दुसऱ्या दिवशी चहा वेगळ्या कपातून...

उगाच. असं काही होत नाही आता. होत नाही कसं, मी पुण्यात कॉलेजात होते तेव्हा खोली बघायला गेले होते की — सदाशिव पेठेतली बाई, किती प्रेमळ, आधी खोली दाखवली, नळाला पाणी कधी येतं तेही सांगितलं, मग आडनाव विचारलं, आणि मग तिच्या एकदम लक्षात आलं की तिला खरं तर नोकरी करणारी मुलगी हवी होती. जाताना अंगणातला पेरू काढून हातात दिला. तो मी बसमध्ये खाल्ला. पेरू गोड होता, आणि याबद्दल त्या बाईला अजून माफ करता आलेलं नाही.

टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला. कुणी मुंबईचा माणूस, शनिवार-रविवारसाठी तुंगार्लीचा बंगला हवा होता. "फॅमिली की ग्रुप?" चैतालीने विचारलं, आवाज आपोआप अर्धी पट्टी वर गेला, मधाळ झाला. "आणि नाव काय लिहू?" त्याने नाव सांगितलं. त्या बंगल्याच्या मालकाची अट होती, कुठली नावं चालतील आणि कुठली नाही. ती कागदावर कुठेच नव्हती, पण ऑफिसात सगळ्यांना माहीत होती. "एक मिनिट हं, बघून सांगते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच, बंगला दोन्ही दिवस रिकामा होता. "अहो सॉरी, आत्ताच बुक झालाय बघा. पुढच्या वेळी नक्की."

"तू 'नाही' कसलं गोड म्हणतेस गं," शेजारच्या टेबलावरून सविता म्हणाली. सविता गराडे, जवळच्याच उर्से गावची, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगली. "माणूस उलट थँक्यू म्हणून फोन ठेवतो."

चैताली हसली. मालकाची अट, आपलं काय जातंय, आपण पगारी माणसं — हे ती रोजच स्वतःला सांगायची आणि रोजच ते पुरायचं. आज पुरलं नाही. ते एक मिनिट... नाव ऐकल्यानंतरचं ते बघून-सांगते-चं मिनिट तिला आतून माहीत होतं, त्यात काय असतं आणि काय नसतं, आणि आता तिला स्वतःच फोन करून कुणाच्या तरी तशाच मिनिटात उभं राहायचं होतं.

चार घास पोटात गेल्यावर करू, असं म्हणता म्हणता दुपार कलली. शेवटी एकदाचा तिने त्या कौलारू घराचा नंबर लावला.

"बोला," पलीकडून वयस्कर बाईचा आवाज आला. मागे कुठेतरी खवणीवर नारळ खवला जात होता. "आहे ना, खालची खोली आहे. समुद्राच्या बाजूची. रात्री गाज ऐकू येते अगदी. म्हातारं माणूस आहे का बरोबर? मग तीच घ्या. संडास आतच आहे."

"गोड कमी लागतं त्यांना," चैताली म्हणाली.

"आमच्या ह्यांनाही. दोघांचं एकत्र करू. नाव काय लिहू?"

"चैताली."

"आणि आडनाव?"

आवाजात काहीही नव्हतं. तिने कान देऊन ऐकलं, तिला कळलं असतं, या बाबतीत तिचा कान सोनाराच्या काट्यासारखा होता — आणि काही नव्हतं. किंवा बाई तिच्याहून तयार होत्या. खवणीचा आवाज थांबला होता, तो आडनाव ऐकायला थांबला की नारळ संपला? आबा ओटीवर बसलेत, छाती पुढे... "गराडे," ती म्हणाली.

"बरं, गराडे. या हं. येताना सगळ्यांची आधार कार्डं तेवढी आणा, पोलिसांचा नियम आहे."

फोन ठेवल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. आधार कार्डं. दिवसभर हेच वाक्य लोकांना ऐकवणारी ती — आणि तिलाच ते आठवलं नाही. एखादं शेंबडं पोरही असं खोटं बोललं नसतं.

सविता मान वर करून बघत होती. "माझं नाव लावलंस होय गं?" तिला मजा वाटत होती. "का, तुझ्या नावाला काय झालं?"

"तोंडात आलं," चैताली म्हणाली.

सविताने खरंच ते तसंच घेतलं आणि परत आपल्या कामाला लागली. तिला कळलंच नव्हतं. तिला कळायचं कारणच कधी पडलं नव्हतं, आणि याचा चैतालीला राग आला आणि रागाची लाजही वाटली. धम्मदीपला तिने 'खोली झाली' एवढाच मेसेज टाकला.

संध्याकाळी स्कूटीवरून वडगावकडे येताना, कामशेतच्या पुढे, ट्रकच्या मागे मागे, डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. बाई लगेच हो म्हणाल्या. पण कुणाला? गराड्यांना म्हणाल्या. ओव्हाळांना त्या काय म्हणाल्या असत्या ते आता कळायची सोयच उरली नव्हती. दार उघडं होतं की बंद होतं हे बघायच्या आधीच ती खिडकीतून आत शिरली होती. आणि समजा उघडंच असेल... पण समजा नसेल...

घरी आबा ओट्यावर उकिडवे बसले होते. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर धम्मदीपने प्रवासासाठी आणलेली नवी निळी बॅग, हातात ब्रश, बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. रेल्वेत गार्डांच्या पेट्यांवर नावं रंगवलेली असतात. ती बघून बघून आबांनाही तेच वळण लागलं होतं, घरातली छत्री म्हणू नका, घडीची खाट म्हणू नका, नावाशिवाय वस्तू नाही. बॅगेच्या अख्ख्या पाठीवर, एकसारख्या उंचीच्या अक्षरांत: हनुमंत भिकाजी ओव्हाळ. खाली, वडगाव मावळ.

"हात नको लावू, वलं हाय," आबा म्हणाले. "खोली गावली म्हनं? धम्माचा फोन आलता. समुद्राकडंची?"

"हो. रात्री आवाज येतो म्हणाल्या त्या बाई."

"व्हय?" त्यांचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. "बाईला सांगितलंस न्हवं, हनुमंत ओव्हाळ येनार म्हनून?"

"सांगायचं राहिलं आबा."

"मग सांग की आत्ता. कोन येतंय ते तिला ठावं नको? वाट बघंल ना ती."

इतकं साधं होतं ते त्यांच्या दृष्टीने. कुणीतरी एक बाई समुद्राकाठी त्यांची वाट बघणार होती. चैतालीने तिथेच उंबऱ्याशी उभं राहून नंबर लावला, आबा बघत होते म्हणून लावला, आणि पलीकडे रिंग वाजू लागली. दिवसभर ती त्या बाईंच्या नकाराला भीत होती. आता तिला डोळ्यांपुढे दुसरंच दिसलं — बाई म्हणतायत, अहो मग तसं सांगायचं ना, ओव्हाळ काय नि गराडे काय, या की, खोली तुमचीच आहे... आणि इथे आबा बॅगेवरच्या अक्षरांवर हळूच फुंकर घालतायत. तसं झालं तर आबांचं नाव आपणच उगाच लपवलं असं ठरणार, मग त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने बघायचं? रिंग वाजत राहिली, आणि त्या वाजण्यात तिला स्वच्छ कळलं की बाईंनी नाही म्हणावं असं तिला वाटतंय. मनापासून वाटतंय.