अल्वाचा लाकडी पाय

दचकू नका, मी अल्वा प्रुइटचा उजवा पाय बोलतोय. खरा नव्हे, लाकडाचा. खरा अमेरिकेतल्या यादवी युद्धात, शायलोच्या लढाईत गेला आणि तिकडंच एका पीचच्या झाडाखाली पुरला, असं अल्वा सांगायचा. आम्हा दोघांची कधी गाठ पडली नाही.

अल्वाला जाऊन दोन महिने झाले. उद्या सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस. उद्याच मला कोर्टाच्या इमारतीतल्या काचेच्या कपाटात ठेवणार आहेत, फाटक्या निशाणाच्या आणि गंजक्या गोळ्यांच्या शेजारी. अल्वाच्या लेकीनं, एफीनं, सुरेख अक्षरात चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवलीय: 'युद्धाची आठवण.' ती वाचल्यापासून मी नुसता धुमसतोय. अहो, मी युद्ध पाहिलंच नाही!

माझा जन्म इथला, आयोवातल्या या शेतावरचा. ज्या गाडीतून प्रुइट मंडळी ओहायोहून आली, तिचा हिकरीच्या चिवट लाकडाचा मोडका दांडा गोठ्यात पडून होता. कुबड्या घेऊन परतलेल्या अल्वानं अख्खा हिवाळा चुलीपाशी बसून त्यातून मला तासलं. "अजून बारीक कर, घोड्याला लावायचाय का?" असं त्याची बायको लुसिंडा म्हणायची. माझ्या वरच्या खोबणीत मेंढीची लोकर तिनंच शिवली.

मे महिना आला. अल्वाच्या थोरल्या भावानं, हायरमनं, शेत नांगरून दिलं आणि वर सुनावलंही. "नांगरलं मी. पेरणार कोण? एका पायाच्या माणसाचं काम नव्हे हे. विकून टाक आणि माझ्या दुकानात येऊन बस."

"तुझ्या दुकानात बसण्यापेक्षा मला त्या पायाशेजारी पूर," अल्वा म्हणाला.

बोलून तर गेला. पण नांगरट मऊ होती. दुसऱ्याच पावलाला मी वीतभर आत रुतलो आणि अल्वा तोंडावर आपटला. उठला, चार पावलं गेला, पुन्हा आपटला. सकाळभर हेच. शेवटी मला सोडवून त्यानं कुंपणाकडं भिरकावलं आणि लहान मुलासारखा रडला. फेकल्याचं मला वाईट वाटलं नाही. लाज वाटली ती स्वतःचीच.

लुसिंडा बियाणं ओच्यात घेऊन आली. ती अल्वाकडं गेलीच नाही, मातीकडं बघत राहिली. मी जिथं जिथं रुतलो होतो, तिथं तिथं गोल, स्वच्छ खड्डा पडला होता. वाकून तिनं एकात मक्याचे चार दाणे टाकले आणि पायानं माती लोटली.

"रडून झालं असेल तर ऊठ," ती म्हणाली. "खड्डा फार खोल पडतोय. याच्या टोकापासून दोन बोटांवर एक चकती ठोक. मग हा रुतणार नाही आणि दाणाही कुजणार नाही."

"आणि मग?"

"मग तू चाल. मी मागून येते."

त्या वर्षी बारा एकर मका आम्ही असा पेरला. पुढं अल्वा आणि मी, मागं लुसिंडा. दर खड्ड्यात चार दाणे: एक कावळ्याचा, एक किडीचा, दोन घरचे. अल्वा दमून थांबला की मागून हाक यायची, "चाल, अल्वा." जुलैत हायरम आला. कमरेएवढ्या मक्यातून तो शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

"ओळी वाकड्या आहेत," शेवटी तो एवढंच म्हणाला.

"सरळ रांगेत चालायची हौस फौजेत फिटली," अल्वा म्हणाला. शेत विकायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

काय दिवस होते ते! लुसिंडानं विणलेली मोज्यांची एक जोडी अल्वाला दोन हिवाळे पुरायची. संध्याकाळी त्याच्या नसलेल्या अंगठ्याला खाज सुटे आणि तो बिचारा मला खाजवत बसे. गंमत म्हणजे त्याला बरंही वाटायचं.

पुढं सरकारकडून एक पॉलिश केलेला, घोट्यात वाकणारा पाय आला. चर्चला तो, मिरवणुकीला तो. शेतात मात्र मीच. मिरवणुकीहून परतला की अल्वा थेट खाटेवर टेकायचा. तो गुळगुळीत पाय काढून मला बांधायचा आणि म्हणायचा, "हां, आता घरी आलो." पण पुरताना त्याच्याबरोबर त्या गुळगुळीतालाच दिलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आज सकाळी लुसिंडानं चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि मला दाराआडून उचललं.

"आई, मी पुसून ठेवलंय त्याला! कुठं नेतेस?"

"परसात. मक्याची ओळ राहिलीय."

"अगं, उद्या न्यायला येतील ती माणसं."

"मग आजचा दिवस आहे ना माझा?"

दोन्ही हातांनी धरून तिनं मला मातीत दाबलं, चकतीपर्यंत. एक पाऊल पुढं जाऊन पुन्हा. तिसऱ्या खड्ड्यानंतर ती थांबली आणि मागं वळून बघू लागली. चाळीस वर्षं ती मागून चालली होती. आता पुढं ती होती आणि मागचे खड्डे रिकामेच होते.

एफी कुंपणाशी उभी होती. तिनं बियाण्याचं भांडं उचललं, पहिल्या खड्ड्याशी वाकली आणि मोजून चार दाणे टाकले.

"चाल, आई," ती म्हणाली.

उद्या मला नेतील की नाही, ठाऊक नाही. नेलंच, आणि तुम्ही कधी त्या कपाटापाशी आलात, तर एवढं करा. चिठ्ठी वाचू नका. खाली वाकून माझं टोक बघा. चकतीखाली थोडी माती असेल, ती आजची आहे.