डिझेल खाणारा ढीग

सुनेचं वागणं मोठीबाईंना मुळीच पटत नव्हतं. सकाळी उठायचं आणि चहाचं आधण ठेवायच्या आधी मांडवाखालच्या त्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, ही कुठली रीत? तापलाय का बघते, म्हणे. नवऱ्याला खोकला झाला तेव्हा एवढी कळकळ दिसली नव्हती.

अर्थात हा पराक्रम त्या नवऱ्याचाच. रोपवाटिकेच्या पंपासाठी आणलेलं डिझेलचं पिंप मोठीबाईंच्या लेकाने वाफ्याच्या डोक्याशी ठेवलं आणि तोटी आवळायला विसरला. सकाळी पिंप रिकामं, वाफा काळा. मोठीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा इथे नुसते खडे होते. चाळून चाळून, पालापाचोळा मुरवून त्यांनी ही माती केली होती. घरातली सगळी रोपं तिच्यातच उगवायची. आता तिच्यात मोहरी टाकली तरी कुजत होती.

"ट्रकवाल्याला सांगतो, नवी माती आणू," लेक म्हणाला. मोठीबाईंनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

तेव्हा सून पुढे झाली. "आई, पेरणीपर्यंत थांबा. आधी अर्ध्या वाफ्यावर करून बघते. नाही जमलं तर ट्रक आहेच."

तिने माती उकरली, त्यात घोड्याची लीद, सुका पाला आणि भुसा कालवला, पाणी शिंपडलं आणि ढीग घातला.

"यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते डिझेल खातात, आणि खाताना ढीग तापतो."

"डिझेल खातात? मग आपल्या गाडीपासून लांब ठेव त्यांना."

पुढे सून माहेरी गेली, तसा मोठीबाईंना तो विस्कटलेला ढीग बघवेना. त्यांच्या हातून जन्मात वाफ्याची कड वाकडी गेली नव्हती. फावड्याच्या पाठीने थोपटून त्यांनी ढीग भिंतीसारखा गुळगुळीत केला आणि वर प्लॅस्टिक घट्ट बांधलं.

सून परतली ती थेट मांडवात. ढीग थंडगार पडला होता आणि नासल्यासारखा आंबूस वास मारत होता. तिने त्या सरळ कडांकडे पाहिलं. इतक्या सरळ कडा घरात एकच माणूस घालायचं.

"त्यांना हवा लागते, आई. श्वास कोंडला," एवढंच ती म्हणाली.

चार शब्द सुनावले असते तर मोठीबाईंनी आठ परत केले असते. त्यांनी पदर खोचला आणि दुसरं खोरं उचललं. दोघींनी मिळून ढीग पार मोकळा केला.

दोन-तीन सकाळी त्याने दाद दिली नाही. मग एकदा मोठीबाई सुनेच्याही आधी उठून गेल्या, तर ढिगातून वाफ निघत होती. कोणी बघत नाही याची खात्री करून त्यांनी हात आत घातला आणि तापल्या तव्याला लागावा तसा मागे ओढला. आत निखारा नव्हता, चूल नव्हती, फुंकर घालणारं कोणी नव्हतं. तरी कुणीतरी आत जागं होतं, काळं विष खात होतं, आणि इतक्या जणांच्या पंगतीत एक आवाज नव्हता. इतकी वर्षं त्या म्हणत आल्या होत्या, माती मी केली. त्यांनी केलं होतं ते फक्त वाढप्याचं काम. रांधणारे हे होते. मोठीबाई कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या, देवघरात राहावं तशा, चपला बाजूला काढून.

मग दोघी आळीपाळीने ढीग वरखाली करू लागल्या. डिझेलचा वास विरत गेला. पेरणी तोंडावर आली तेव्हा ढीग आपोआप निवला.

"मी हात लावलेला नाही हं," मोठीबाई आधीच म्हणाल्या.

सून हसली. "खायला उरलं नाही, आई."

त्या मातीत टाकलेली मोहरी उगवून आली, ताटभर, दाट. मोठीबाईंनी मूठभर माती नाकाशी धरली. विहिरीच्या काठासारखा ओला, थंड वास. दारात लेक विचारत होता, ट्रकवाल्याला काय सांगू. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "उरलेला वाफा उद्या उकर. चहाचं मी बघते, तू आधी ढीग बघत जा. आणि कडा वाकड्याच ठेव. मला खुपल्या तर मी तोंड फिरवीन."