वाळत घातलेली ओढणी

धुळ्याच्या एका बँडमध्ये हसीब क्लॅरिनेट वाजवायचा. बायको जमीला वारल्यापासून तो लोक सांगतील ती गाणी वाजवी, पण स्वतःची चाल काही सुचत नव्हती. एकदा मुलगी तहरीम त्याला चित्रप्रदर्शनाला घेऊन गेली. एका चित्रात रिकाम्या गच्चीवर हिरवी ओढणी वाळत होती. हसीब तिथून हलेना. जमीलाही अशीच ओढणी वाळत घालताना गुणगुणायची.

घरी येताच त्याने क्लॅरिनेट काढलं. बऱ्याच वेळाने एक संथ चाल उमटली.

"अब्बा, ही कुठली?" तहरीमने विचारलं.

"आत्ताच सुचली, बेटा."

पुढे एका लग्नात नवरी सासरी निघाली, तेव्हा त्याने तीच वाजवली. नवरीची आई डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, थांबू नका." हसीब वाजवत राहिला.