नावांखालची जागा

पाथरवटाने छिन्नी ‘शत्रूशी’ या शब्दावर टेकवली आणि पुन्हा उचलली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं.

“हात दुखतोय का?” मागे उभ्या साहेबाने विचारलं. बूट चकचकीत, हातात हुकमाचा कागद.

“हात नाही दुखत.”

चौकातल्या या स्मारकावर सत्तावीस नावं होती आणि वर एक ओळ: शत्रूशी लढताना वीरमरण आलेले आपले जवान. अकरा वर्षांपूर्वी ती यानेच कोरली होती. चौथं नाव त्याच्या थोरल्या भावाचं. ते कोरताना त्याने कुणाला जवळ फिरकू दिलं नव्हतं. आता त्याच शेजारी देशाशी संरक्षणाचा करार झाला होता. परवा त्यांचे मंत्री इथे फुलं वाहायला यायचे होते आणि पाहुण्यांना तो शब्द खुपला असता. म्हणून ‘शत्रूशी लढताना’ घासून काढायचं आणि तिथे ‘कर्तव्य बजावताना’ कोरायचं.

“कर्तव्य बजावताना म्हणजे काय हो साहेब? जिन्यावरून पडला का माझा भाऊ?”

“वरून हुकूम आलाय. माझ्या हातात काही नाही.”

“तुमच्या हातात कागद आहे. छिन्नी माझ्या हातात आहे.”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हत्यारं पिशवीत कोंबून तो तडक घरी आला. वहिनी, त्याच भावाची बायको, कपडे वाळत घालत होती. त्या देशाला चार शिव्या हासडल्याशिवाय तिचा एक दिवस गेला नव्हता. आता ही चवताळून उठेल, आपल्याला जोर येईल, या भरवशावर त्याने सगळं सांगितलं.

वहिनीने मुलाचा ओला शर्ट झटकला.

“खोडून टाका, भावजी.”

“काय?”

“पोराला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतायत. सक्तीच्या भरतीचा कागद येईल. भांडण मिटत असेल तर मिटू दे एकदाचं. तो शब्द काय चाटायचाय मला?”

तो तसाच माघारी गेला. दगडावर पाणी ओतत, दातओठ खात, अंधार पडेपर्यंत तो घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबाने नव्या ओळीवरून बोट फिरवलं.

“झकास! आता नावांखालची ही हातभर जागा तेवढी गुळगुळीत करून ठेवा.”

“तिथं काय कोरायचंय?”

“सध्या काही नाही. पण लागेल.”

“करार झाला ना?”

“झाला ना, यांच्याशी! आता दोघं मिळून उत्तरेकडच्यांना धडा शिकवणार. भरती दुप्पट होतेय, ऐकलं नाहीत?” शेजारच्या घरचं लग्न ठरल्यासारखं साहेबाने ते सांगितलं आणि फुलांच्या कुंड्या मोजायला तो पलीकडे गेला.

पाथरवटाने पिशवीतून सगळ्यात रुंद छिन्नी काढली आणि गुडघे टेकून बसला. पहिला घाव सत्ताविसाव्या नावाच्या खाली. मग उभे, मग आडवे, बोटाचं पेर आत जाईल इतके खोल. कपच्या तोंडावर उडत होत्या, त्याने डोळेही पुसले नाहीत.

साहेब धावत आला तोवर त्या जागेची पार चाळण झाली होती.

“अहो, वेड लागलं का तुम्हाला! आता इथं नावं कशी बसणार?”

“बसणार नाहीत,” पाथरवट म्हणाला आणि उरलेल्या कोपऱ्याकडे सरकला.