डाव्या हाताची ग्रिप

आई गेल्यावर तिची रॅकेट क्लबच्या काचेच्या कपाटात जाणार, हे लेकीला मान्य होतं. फक्त त्याआधी तिला ती एकदा हातात धरायची होती. मुठीवरच्या काळ्या पडलेल्या ग्रिपमध्ये आईच्या अंगठ्यानं पाडलेला खळगा होता. त्यात आपला अंगठा टेकवायचा, मग खुशाल न्या म्हणावं.

ती आली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात कात्री. पुढ्यात रॅकेट, आणि तिच्या मुठीवर पांढरीशुभ्र, नवी कोरी ग्रिप.

“जुनी कुठाय?”

“टाकली की. पार चिंध्या झाल्या होत्या.”

ती मटकन खुर्चीत बसली. “बाबा, त्यात आईचा हात होता हो.”

कात्री हवेतच थांबली.

“जुन्या ग्रिपवर मी तिला कधी कोर्टवर पाठवलं नाही गं,” ते म्हणाले.

ते खरंच होतं. मॅचच्या आदल्या संध्याकाळी, हॉटेल असो की कुणा नातेवाइकाचं घर, बाबा पलंगावर मांडी ठोकून ग्रिप गुंडाळत. आई डावरी, त्यामुळे सगळं उलट्या दिशेनं. दुकानातून गुंडाळून आणलेल्या ग्रिपच्या कडा तिच्या हातात सुटून यायच्या. मॅच मात्र बाबांना बघवत नसे. ते बाहेर पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत, टाळ्यांवरून स्कोअर ताडत आणि हटकून चुकत. लेकीला मावशीच्या मांडीवर सोपवून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना आईनं शेवटचं अजिंक्यपद मारलं, तेव्हा ती हरली असं समजून बाबा डोळे पुसतच आत आले होते.

“रडताय काय?” कप काखेत मारून आई म्हणाली होती. “आणि ही ग्रिप आहे की बँडेज? किती आवळायची ती!”

पुढे आईचा खांदा गेला. मॅचेस संपल्या आणि बाबांचं ते कामही संपलं. तीच रॅकेट घेऊन आई क्लबच्या मागच्या कोर्टवर पोरांना शिकवत राहिली. खळगा पडला तो त्या वर्षांत.

लेकीनं कचऱ्याचा डबा उघडला. कांद्याच्या सालींवर पट्टी वेटोळं घालून पडली होती. तिनं ती पुसली, स्वतःच्या बोटांभोवती गुंडाळून पाहिली. खळगा काही जुळेना.

“परत लावू का तीच?” बाबांनी हळूच विचारलं.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पट्टीची गुंडाळी करून पर्समध्ये ठेवली.

“नको. आई बोलेल तुम्हाला.” तिनं नव्या ग्रिपच्या टोकावर बोट दाबून धरलं. “चिकटवा. आवळून.”

बाबांनी चिकटपट्टी फिरवली. वेढे एकसारखे पडले.

संध्याकाळी क्लबचा सेक्रेटरी आला. त्यानं आईच्या फोटोला हात जोडले, मग रॅकेट उचलली आणि न राहवून हवेत एक फटका मारला. तळव्याखाली ग्रिपची कड उचकटली.

“अरेच्चा! सुटतेय वाटतं. क्लबमध्ये नवीन लावून घेऊ?”

बाबा काही म्हणायच्या आत लेक पुढे झाली. अंगठ्यानं तिनं कड पुन्हा बसवली.

“सुटत नाहीये,” ती म्हणाली. “डाव्या हातात धरा.”